जवळचंच बघणारं भिंग

८ सप्टेंबर २००२, रविवार

पाथरवटाने फोटो परत केला. चौथा! "ओपा, अहो ताई, यात डोळेच नाहीत. मी काय कोरू, धुकं?" त्याच्या अंगणात काळ्या दगडांची रांग. दर दगडावर एक मेलेला माणूस, मिशीचा केस न् केस मोजता येईल असा. आणि माझ्या नवऱ्याचा, तुर्गुनचा फोटो बघावा तर टोपी आहे, कोट आहे, दोहोंच्या मधे कणकेचा गोळा.

वीस ऑक्टोबरला त्याला जाऊन वर्ष होतं. सकाळी गल्लीतले सगळे पुरुष पुलाव जेवून जातील, मग बायका. त्याआधी कबरीवर दगड उभा राहायला हवा. चेहरा असलेला.

येताना गाडीत हबीबुल्ला, माझा धाकटा दीर, वहिनीला इथली हाक मारत म्हणतो, "केलिनोयी, फोटोंना कशाला बोलता? तुर्गुन-अकाने कॅमेऱ्याचं ते भिंग स्वतःच उघडलं आणि त्याची वाट लावली. त्यांच्या हाती कधी काही धड राहिलंय?" आणि हसला.

तुर्गुनला त्या कॅमेऱ्यावरून मी सोळा वर्षं टोचत आले. तो हक्क माझा होता. हबीबुल्लाला कुणी दिला?

९ सप्टेंबर

कॅमेरा कपाटातून काढला. ब्याऐंशी साली घेतलेला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. भिंग अक्रोडाएवढं. फोकसची कडी एक मीटरच्या आकड्यावर अडकलेली, जाम हलत नाही. पट्ट्याच्या कडीला एक दोरी बांधलेली आहे, दोन वितींची, टोकाला गाठ. खुंटीला अडकवायची असेल.

सगळे अल्बम खाली काढून बसले. एक गोष्ट आज पहिल्यांदा लक्षात आली. पहिली दोन-अडीच वर्षं फोटो चांगले आहेत! लेकीचा, निगोराचा शाळेचा पहिला दिवस— हातातल्या गुच्छाची पाकळी न् पाकळी दिसते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी कामाला होते त्या प्रकाशनातल्या आम्हा सगळ्यांची सहल— कलिंगडाच्या बिया दिसतात. आणि पंच्याऐंशीपासून धुकं. निगोराच्या लग्नात जावई ओळखायला टायचा रंग आठवावा लागतो.

चांगल्या फोटोंत तुर्गुन एकातही नाही. कॅमेऱ्यामागे तोच होता ना.

म्हणजे भिंग जन्मतः वाईट नव्हतं. मधे काहीतरी झालं. मी छडा लावणार. आणि वर्षाच्या पुलावाला त्याच्याच कॅमेऱ्याने सगळ्यांचा फोटो काढणार. स्पष्ट. हबीबुल्लाला मधे बसवून.

११ सप्टेंबर

गुलचेहरा आली. नेहमीसारखी स्वतःच्या किल्लीने दार उघडून. तुर्गुनच्या आजारपणात तिला किल्ली दिली, ती तिच्याकडेच राहिली. सोबत माझी रक्तदाबाची औषधं, गरम सामसे आणि ताशकंदात कुणी ऐकलं तर हसेल अशी नागपुरी.

"काय करून राहिल्या बाई?"

मराठी तिला मी शिकवली. प्रकाशनात मराठी विभागात आम्ही दोघीच— मी रशियन पुस्तकांचा मराठीत अनुवाद करायची, ती माझं हस्तलिखित वाचून छापायला द्यायची. माझं अक्षर वाचणं हे वेगळं शिक्षण आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टर रडल्या, मॉस्कोवाले दर वेळी कागद परत करून टाइप केलेली प्रत मागायचे. गुलचेहराला मात्र पहिल्या वर्षापासून लागलं. एकोणीस वर्षांची पोर होती तेव्हा. बंदही आमच्यासमोर झालं सगळं. मी पेन्शनीत, ती शाळेत इंग्रजी शिकवते. पण दर आठवड्याला येते. पोटच्या मुलीपेक्षा जास्त येते.

मी खुर्चीवर उभी राहून वरच्या फळीवरचे अल्बम काढत होते, तर म्हणाली, "उतरा खाली बाई. सिस्टर अगाथाने बाकावर उभं केल्यासारख्या काय उभ्या राहता?"

हसलेच. पण ही गोष्ट मी हिला कधी सांगितली? सांगितली असेल. वय झालं की तोंडाची झाकणं सैल होतात.

भिंगाचं बोलले तर म्हणे, "जाऊ द्या ना. गेलेल्या माणसाची वस्तू. मी शाळेतल्या कॅमेरावाल्याला आणते पुलावाच्या दिवशी."

नको म्हटलं. कॅमेरा हाच हवा.

१२ सप्टेंबर

उन्हात ठेवला दिवसभर. जुनं ग्रीस वितळेल म्हणून. कडी हलली नाही. मीच वितळले.

१४ सप्टेंबर

संताप! संताप!

हबीबुल्ला द्राक्षं घेऊन आला. मी दोन मिनिटं चहा टाकायला आत गेले. परत येते तर हा अंगणातल्या बाजेवर मांडी घालून बसलेला, हातात माझं भिंग, आणि मांडीशी सरकीच्या तेलाची बाटली. पुलावाचं तेल!

"कडी सुटली बघा, केलिनोयी! दोन थेंब पुरले. मी माझ्या दाराच्या बिजागऱ्यांना हेच घालतो."

"हबीबुल्ला, ते दार आहे का?"

"फिरतं ना? फिरणारी वस्तू ती फिरणारी वस्तू."

"मग तुझ्या डोक्यातही दोन थेंब घाल."

त्याला राग येत नाही, हीच त्याची मोठी खोड. द्राक्षं खाऊन गेला. भिंगाच्या आत तेलाचं इंद्रधनुष्य उमटलंय. कडी मात्र फिरते, नाकारून चालणार नाही. एक मीटरपासून पार शेवटच्या खुणेपर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१५ सप्टेंबर

अर्धा रोल काढला. गल्लीतल्या फोटोवाल्याने धुऊन दिला. कडी फिरवूनही सगळं धुकं. फक्त आता तेलकट धुकं.

१७ सप्टेंबर

अल्बम आत ठेवताना पुन्हा तो सहलीचा फोटो हाती आला. रोझा कलिंगडाची फोड धरून हसते आहे. दातांत बी.

रोझा प्रकाशनात टाइप करायची. क्रिमियातली तातार, लहानपणी आगगाडीत कोंबून इकडे आणून टाकलेली. तिची माणसं गावी परत जायची परवानगी मागायला सह्या गोळा करायची. सह्यांचे कागद तिच्या घरी पिठाच्या डब्यात तळाशी असायचे. हे तिने मला पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये सांगितलं, ट्रॅमच्या थांब्यावर, कानाशी तोंड आणून. आठ दिवसांनी गुप्त पोलिसांनी तिच्या घराची झडती घेतली. आलेल्यांनी कपाट उघडलं नाही, गादी उचलली नाही. सरळ स्वयंपाकघर, सरळ पिठाचा डबा. रोझाला तीन वर्षांची कैद झाली.

नेण्याआधी मला एकदाच भेटली. "डबा मी फक्त तुला सांगितला होता, सुलभा." बस एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी नानावर हात ठेवून शपथ घेतली. भाकरीवर हात ठेवून इथे खोटं कुणी बोलत नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. सुटून आल्यावर थेट क्रिमियाला गेली. तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही.

सतरा वर्षं झाली. मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. गुलचेहराला नाही. भिंतीला नाही. फक्त इथे, वहीत लिहिलं होतं. न केलेल्या गुन्ह्यासाठी बाकावर उभी आहे मी. अजून.

रोझा जिवंत आहे म्हणतात. सिम्फेरोपोलला.

२२ सप्टेंबर, रविवार

यांगीओबादच्या जुन्या बाजारात गेले. जमिनीवर चादरी, चादरींवर साम्राज्याचा कचरा— नळाच्या तोट्या, पदकं, बाहुल्यांचे हात. टोकाला ओगाय बसतो, कोरियन म्हातारा. चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोय. तुर्गुन त्याच्याकडूनच रोल घ्यायचा.

"सुलभा दामोदरोव्ना! तुमचे यजमान गेल्याचं ऐकलं. माणूस कमी बोलायचा, वेळेवर पैसे द्यायचा. अशी माणसं राहिली नाहीत."

भिंग हुंगलं त्याने. "यात पुलाव कुणी शिजवला?"

दिराने, म्हटलं.

"दीर जिवंत आहे अजून?"

"आहे."

"तुमची सहनशक्ती मोठी."

मग भिंग कानाशी धरून फिरवलं, आडवं धरून पाहिलं. त्याच्याजवळ तसलंच दुसरं होतं, ते शेजारी ठेवलं. आमचं भिंग त्याहून थोडं उंच. "बघा, तुमचं नाक बाहेर काढून बसलंय. असं नसतं." लगेच उघडलं नाही, म्हणाला, आधी तुम्हीच घरी बघा ते किती लांबचं बघतं ते. पुढच्या रविवारी या, मग उघडू. युक्ती सांगितली: कॅमेऱ्याची पाठ काढायची, रोल जिथे बसतो तिथे पातळ बटरपेपर चिकटवायचा, झडप उघडी धरायची. जे रोलवर पडतं ते कागदावर दिसेल. उलटं, पण खरं.

निघताना दोरीला हात लावून म्हणाला, "आणि ही?"

खुंटीला टांगायची, म्हटलं.

ओगायने मान डोलावली. त्याला पटलं म्हणून नव्हे, असं उगाच वाटलं.

२३ सप्टेंबर

ओगायची युक्ती केली. बटरपेपर चिकटवला, डोक्यावर शाल घेतली आणि अंगणात फिरले. शेजारीण भिंतीवरून बघत होती, खुशाल बघो.

द्राक्षाचा मांडव— धुकं. दार— धुकं. हबीबुल्ला आला, त्याला उभा केला. उलटा आणि धूसर. पहिल्यांदाच त्याचा खरा फोटो दिसला. तीन मीटर, दोन मीटर, एक मीटर, कुठेच काही नाही. कंटाळून टेबलाशी आले, कॅमेरा ठेवायला हात खाली आणला, आणि कागदावर एकदम काहीतरी सुईसारखं उमटलं.

ही वही. उघडी होती. माझंच अक्षर, उलटं. काना, मात्रा, खोडलेले शब्द, सगळं. हात दोन बोटं वर नेला, गेलं. खाली आणला, परत आलं.

आंधळं नाही म्हणजे. फक्त फार जवळचं बघतं. मी मोजलं नाही पण दोन विती असतील.

तुर्गुनला मी चिडवायची तेव्हा तो हेच म्हणायचा. "हे भिंग जवळचंच बघतं, सुलु." मला वाटायचं प्रेमाने म्हणतोय.

२४ सप्टेंबर

दोरी मोजली. गाठीपर्यंत दोन विती.

२९ सप्टेंबर, रविवार

ओगायने भिंग उघडलं. माझ्यासमोर, चादरीवर, दोन टोकांच्या पकडीने. तेल पुसलं. मग चिमट्याने एक पितळी कडं बाहेर काढलं, दोन नाण्यांएवढं जाड. बाजूला लाखेचे तीन ठिपके.

"हे कारखान्यातलं नाही. कुणीतरी मुद्दाम बसवलंय. लेथवर केलेलं, छान काम आहे." मला दाखवत होता, सोनार दाखवतो तसं. "भिंग पुढे सरकलं की जवळचं दिसतं, लांबचं मरतं. आणि फोकसची कडीही एक मीटरवर लाखेने पक्की केली होती. दिराच्या तेलाने सुटली."

"कशासाठी?"

"कागदासाठी." सरळ म्हणाला. "कागदपत्रांचे फोटो काढायचे असले की असं करायचे. कॅमेऱ्याच्या खिडकीतून त्या अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून दोरी. गाठ कागदावर टेकवायची, दोरी ताणायची, कॅमेरा तिथे धरायचा, दोरी सोडायची, दाबायचं. वहीचं एक पान बरोबर मावतं."

तुर्गुन जमीन-संशोधन संस्थेत होता. नकाशे, तक्ते, अहवाल. त्याचेच काढत असेल, म्हटलं.

"असेल," ओगाय म्हणाला. "पण संस्थेत त्यासाठी मोठं यंत्र होतं. मीच दुरुस्त करायचो."

कडं कागदात गुंडाळून दिलं मला. मजुरी घेतली नाही. मला राग आला, का ते सांगता येणार नाही.

पण भिंग आता बरं झालं. बाजाराच्या पलीकडल्या टोकाची घड्याळं दिसतात, आकड्यांसकट. तुर्गुनने वाट लावली नव्हती! हबीबुल्लाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझं तेल लागू पडलं."

१ ऑक्टोबर

गुलचेहराला कडं दाखवलं. हातात घेतलं नाही तिने. चहा गाळत होती, गाळतच राहिली. पेला भरून बशीत, बशीतून टेबलावर.

"अगं, भाजशील!"

"काय माहीत कशाचं असेल बाई. जुनं लोखंड. फेकून द्या ना." मग म्हणाली, "अंगणातल्या खोलीत त्यांचं फोटो धुण्याचं सामान आहे ना? पुलावाला पाहुणे येतील, खोली लागेल. मी रिकामी करून देते शनिवारी. तुम्ही धुळीत जाऊ नका, खोकला होतो."

किती करते ही. निगोरा एका फोनवर वर्षश्राद्ध उरकणार आहे.

पितळ होतं खरं म्हणजे. लोखंड नव्हे.

५ ऑक्टोबर

खोली मी आधीच कुलूप लावून ठेवली. का? माझं घर, माझं कुलूप. गुलचेहरा आली, कुलूप बघितलं. गाजराची कोशिंबीर करून गेली.

जायच्या आधी तिचा फोटो काढला, नव्या डोळ्यांच्या भिंगाने. तिने ऐन वेळी मान फिरवली.

८ ऑक्टोबर

फोटो धुऊन आले. सगळे स्वच्छ! हबीबुल्लाचा सोन्याचा दात चमकतोय. मांडवातलं एकेक पान. गुलचेहराचा कान आणि मानेवरची शीर, ताणलेली. मूल तोंडात खाऊ लपवतं तेव्हा दिसते तशी.

झोप नाही नीट. उगाच भांडी घासते.

१३ ऑक्टोबर, रविवार

पाथरवटाने निरोप धाडला— आज-उद्या फोटो नाही दिला तर नुसतं नाव कोरतो. म्हणून खोली उघडली. निगेटिव्हमध्ये तरी एखादा तुर्गुन स्पष्ट सापडेल, एवढ्याच साठी. देवाशपथ एवढ्याच साठी.

खोलीत रोलच्या डब्या, प्रत्येकीवर साल, त्याच्या त्या व्यवस्थित अक्षरात. एकेक उजेडाला धरली. पंच्याऐंशीनंतर धुकं, धुकं, धुकं. सगळ्यात मागे, औषधांच्या बाटल्यांआड, आईचा लाडवांचा डबा.

नागपूरहून आणलेला. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात आईला शेवटचं बघून आले तेव्हा मावशीने भरून दिला होता. तीन महिने राहू दिलं होतं मला. परदेशी बायकोला, एकटीला, तीन महिने! तशी परवानगी कुणाला मिळत नव्हती. तुर्गुन दोन महिने खेपा घालत होता. कसा मिळवलास कागद, असं मी विचारलं नव्हतं. आई भेटली, माझ्या मांडीवर गेली. मला तेवढं पुरे होतं.

डब्याला चिकटपट्टी लावलेली. आत अकरा रोल. साल नाही, नाव नाही.

अजून उघडले नाहीत. टेबलावर आहेत.

१४ ऑक्टोबर

आज नाही बघितले. गाद्या उन्हात घातल्या.

१६ ऑक्टोबर

बघितले.

ओगाय म्हणाला होता, बरं झालेलं भिंग उलटं धरलं की झकास वाचनभिंग होतं. खिडकीशी बसले आणि त्याच भिंगातून बघितले. पांढऱ्यावर काळं नव्हे, काळ्यावर पांढरं. पण अक्षर आपलं आपल्याला कसंही कळतं.

अकराच्या अकरा रोल. माझ्या वह्या. पंच्याऐंशीच्या जानेवारीपासून सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत. एकही पान धूसर नाही.

ट्रंकेतून पंच्याऐंशीची वही काढून शेजारी ठेवली. बारा मार्च. पानाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग, निगेटिव्हवरही तोच डाग. "रोझाचे कागद पिठाच्या डब्यात आहेत. आज थांब्यावर सांगितलं."

मी सांगितलं होतं, रोझा. तू बरोबर होतीस. नानावर हात ठेवून मी खोटं बोलले, मला माहीत नव्हतं एवढाच फरक.

परवानगीचा कागद आणि हे कडं. त्याला काय सांगितलं असेल कुणी? बायकोला आई भेटू दे, आम्हाला तिच्या वह्या भेटू देत. तो नाही म्हणाला असता तर मी आईला भेटले नसते. हो म्हणाला म्हणून रोझा तीन वर्षं. आणि त्याने दुसरं भिंग कधी घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर मी विचारलं असतं की मग हे जुनं कशाला ठेवलंस. म्हणून लेकीच्या लग्नाचे फोटो बिघडवले, माझी बोलणी खाल्ली, आणि हसला. सोळा वर्षं हसला! एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतं, तुर्गुन. एकदा खरं बोलायचं होतं, मी भांडी फेकली असती आणि मग काय ते बघितलं असतं.

लिहून उठले होते. परत बसले आहे.

बारा मार्चच्या पुढचंच निगेटिव्ह तेरा मार्चचं. त्यात सिस्टर अगाथा आहे. चौथीत खडूची पेटी मी चोरली म्हणून दिवसभर बाकावर उभं केलं होतं तिने. मी चोरली नव्हती. ही गोष्ट मला इतकी लागलेली की आईलाही सांगितली नाही. आयुष्यात एकदाच लिहिली, तेरा मार्च पंच्याऐंशीला.

तुर्गुनला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. फोटो तो काढी. ते वाचून कुणीतरी सांगत होतं. मॉस्कोवाल्यांना माझं अक्षर कधी लागलं नाही.

या शहरात ते एकाच माणसाला लागतं. मीच शिकवलंय.

१७ ऑक्टोबर

पाथरवटाला कळवलं, चेहरा नको. नाव पुरे. हबीबुल्ला म्हणाला, लोक काय म्हणतील? म्हटलं, लोकांना सांग, भिंग खराब होतं.

रोझाला चौथं पत्र लिहिलं. एका ओळीचं.

१९ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

गुलचेहरा,

दहाला येशील, तुझ्या किल्लीने दार उघडशील. मी हबीबुल्लाबरोबर पुलावाची गाजरं आणायला गेले आहे. वही मुद्दाम टेबलावर उघडी ठेवली आहे. आठ सप्टेंबरपासून वाच. अक्षर तुला लागतं.

एकच विचारते. पिठाच्या डब्याचं पान तू वाचून दिलं होतंस का? एकोणीस-वीस वर्षांची होतीस, घाबरवलं असेल, हे मला कळतं. तरी विचारते. उत्तर खाली लिही, मराठीत. अर्धं पान सोडलं आहे.

लिहून झालं की किल्ली वहीवर ठेवून जा, नाहीतर चहा टाकून बस. दारातूनच वास येईल. तू थांबलीस की गेलीस, ते त्यावरून कळेल मला.